मनगटाएवढी

नागदेवी स्ट्रीटला, दुपारी साडेतीनला
मुर्तझाभाईंनी आधी पेट्रोलवालीच काढली.
नारिंगी, दोन्ही हातांनी उचलायची.
"बेन, यानं वड आडवा होतो."
म्हटलं, वड नाही हो आडवा करायचा.
आमच्या सोसायटीत एक जाम, एक करंज, दोन शेवगे,
आणि बी विंगच्या मागे
कुणीच न लावलेलं उंबराचं एक पोर.

बत्तीस वर्षं बसडेपोच्या स्टोअरला होते मी.
मोठा पाना मागायला कुणी आला
की आधी विचारायचे, नट केवढाय?
निम्मे जण बघायला परत जायचे.

शेवटी मुर्तझाभाईंनीही तेच विचारलं :
फांदी केवढी जाड?
पर्समध्ये टेप होती.
तरी मी उजवा हात पुढे केला
आणि डाव्या चिमटीत मनगट धरून दाखवलं.
एवढी.
याहून जाड असली तर महापालिका येईल,
शिडी घेऊन, तिच्या सवडीनं.

हेच ते मनगट. दिवाळीआधी
कोयत्याचा घाव हुकला, मी जामाखालच्या फरशीवर.
प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या,
भाजी चिरा, कपडे पिळू नका.
कोयत्याचं त्या काही बोलल्या नाहीत.
मीही विचारलं नाही.

मग काचेच्या कपाटातून ती लहानगी आली.
सहा इंची पातं, बॅटरी मुठीच्या बुडाशी.
खिळे तोलायच्या काट्यावर ठेवायला लावली :
एक किलो तीनशे.
म्हणजे बाजारातून आणलेले दोन दुधी.
आधी अंगठ्याचं कुलूप दाबायचं, मग बोटाचा घोडा,
दोन्ही एकदम दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.
आमच्या घरात असं कुणी नव्हतं.

आठ इंचीही होती, बाराशेनं महाग.
बॅटरी तीच?
तीच.
मग लांब पातं ओढणार कोण?
मुर्तझाभाई हसले, ती परत खोक्यात गेली.

काउंटरखाली एक ओंडका होता,
गिऱ्हाइकांनी कापून कापून तांब्याएवढा उरलेला.
"कापून बघा."
कानाशी भुंगा यावा तेवढाच आवाज
आणि चकती माझ्या चपलेपाशी.
उचलली तर कोमट.
मनगटाला काही कळलंच नाही,
मलाच दोनदा वळवून बघावं लागलं.
साखळीचं तेल वेगळं घेतलं, पावती सोसायटीच्या नावानं.

"एवढीशी?" खोतसाहेब म्हणाले,
"नातवाला आणलीत का?"
मी परवानगीचा कागद त्यांच्या हातात दिला,
तो धरायलाही कुणीतरी लागतं.

रविवारी सकाळी आधी जाम.
पाठाऱ्यांच्या खिडकीला घासणारी फांदी :
थोडं खालून, मग वरून,
नाहीतर पडता पडता बुंध्याची साल सोलून नेते.
कोयत्याला हे सांगता यायचं नाही,
त्याला एकच दिशा ठाऊक.
पाठारे बाईंनी पडदा सारला,
उजेडात त्यांची भांडी किती चकचकीत निघाली!
मग करंजाच्या सात डहाळ्या.
एक माझ्या मापाहून बोटभर जाड होती, ती ठेवली.
खोतसाहेब काटक्या गोळा करत होते, न सांगता.

बॅटरीचा एकच दिवा उरला तेव्हा
मी बी विंगच्या मागे गेले.
उंबर कुंपणाची भिंत फोडतोय, खरं आहे.
पण कागदावर जाम आहे, करंज आहे.
त्याचं नाव मोजणीतच नव्हतं.
मनगट लावून पाहिलं.
यंदा बसतं मापात,
पुढच्या वर्षी बसणार नाही.

अंगठा कुलपावर होता.
बराच वेळ होता.
मग बॅटरी काढली
आणि वर येऊन चार्जिंगला लावली.